टायर १४ चं, डिस्क पण १४ ची, पण डिस्कची रुंदी कोण बघतं?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की तुमच्या पेपरात आठ-पंधरा दिवसांआड एक बातमी ठरलेली असते, अमुक फाट्याजवळ टायर फुटून कार उलटली. आपण हळहळतो आणि पान उलटतो, कारण टायर फुटणं म्हणजे नशिबाचा भाग असंच आपल्याकडे सगळे धरून चालतात. ऊन तर आपल्याकडचं विचारूच नका, जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, डांबर चपलेला चिकटतं, तिथं टायरचं काय होत असेल. पण त्या गाडीला कोणत्या मापाचं टायर होतं आणि ते किती रुंदीच्या डिस्कवर, म्हणजे टायर ज्या लोखंडी चाकावर बसतं त्याच्यावर, चढवलेलं होतं हे काही बातमीत येत नाही. मलाही या वर्षीपर्यंत असा प्रश्न कधी पडला नव्हता. आता पडलाय, म्हणून हे पत्र. लांबलंय, पण जागा कमी पडली तर माझी कहाणी कापा, आकडे कापू नका ही विनंती.

मी अमळनेरला राहते, चोपड्याला एका पतसंस्थेत कामाला आहे, रोज तापी ओलांडून जाणं-येणं, गाडी मीच चालवते. गाडी साधी, छोटी, पेट्रोलची. मागच्या दिवाळीच्या आधी मिस्टरांनी जळगावहून चारही टायर बदलून आणले. जुने कंपनीचे होते १७५/६५ आर १४. दुकानदाराने सांगितलं की साहेब त्याच्याऐवजी १९५/६० टाका, गाडी रोडला चिकटून चालेल, दिसायला पण भारी, आणि उंचीत काहीच फरक नाही, मीटर बरोबरच दाखवेल. टायरमागे हजार-बाराशे जास्त गेले. घरी आल्यावर मलाही गाडी छान वाटली, भरदार, खोटं कशाला बोलू.

उंचीचं तो खरंच बोलला होता, ते मी नंतर कागदावर करून पाहिलं. १७५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये, तिचे ६५ टक्के म्हणजे ११३.७५ मिलिमीटर, ही टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, वर-खाली मिळून २२७.५, त्यात १४ इंचाची डिस्क म्हणजे ३५५.६, एकूण ५८३.१ मिलिमीटर. नवीन टायरचं तसंच केलं तर ५८९.६. फरक साडेसहा मिलिमीटर, टक्क्यात सव्वा पण नाही. वजन पेलायचा आकडा आधी ८२ होता म्हणजे एका टायरला ४७५ किलो, नवीनवर ८६ म्हणजे ५३० किलो, उलट जास्तच. म्हणजे जे आकडे माणूस सहसा तपासतो ते सगळे पास. जो कोणीच तपासत नाही त्याच्यातच घोळ होता.

पहिल्या महिन्यातच स्टेअरिंग जड लागायला लागलं. पार्किंगमध्ये पूर्ण वळवलं की आतून कर्रर्र असा घासल्याचा आवाज. ते मी चालवून घेतलं. पण केळीचा भरलेला ट्रक समोरून जोरात गेला की आमची गाडी जागच्या जागी हलल्यासारखी व्हायची, आणि स्टेअरिंग थोडं फिरवलं तर लगेच काही व्हायचं नाही, एक क्षण थांबून मग गाडी वळायची. मिस्टर म्हणाले नवीन टायर आहेत, बसतील हळूहळू. मार्च उजाडेपर्यंत पुढच्या दोन्ही टायरची मधली नक्षी निम्म्याच्या खाली गेली आणि दोन्ही कडेची अजून नवी कोरी. दुकानात दाखवलं तर म्हणे ताई तुम्ही हवा जास्त भरता. मी दर पंधरा दिवसांनी पंपावर थांबून बरोबर ३२ भरते, डायरीत लिहिलेलं आहे माझ्याकडे, पतसंस्थेत बावीस वर्षं काढलेल्या बाईला सवयच असते तशी.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. लेक संभाजीनगरला दिलेली, आखाजीला माहेरी आणायची म्हणून आम्ही दोघं गेलो. येताना लेक, तिचं दोन वर्षांचं पोर, डिक्कीत बॅगा, आंब्याची पेटी. कन्नड घाट उतरताना गाडी माझ्याच हातात होती. प्रत्येक वळणाला असं व्हायचं की स्टेअरिंग वळवलं की गाडी आधी बाहेरच्या बाजूला झुलायची आणि मग वळायची. लेक मागून म्हणाली, आई हळू घे, मळमळतंय. मी आधीच वीसने चालले होते. घाट संपला, चाळीसगावच्या अलीकडे एक पंक्चरचं दुकान दिसलं तिथं गाडी घातली, कारण रबराचा वास यायला लागला होता. डाव्या पुढच्या टायरच्या भिंतीला मी हात लावला आणि लगेच मागे घेतला.

दुकानातले बाबा असतील सत्तरीचे. त्यांनी आधी टायरला हात लावलाच नाही, समोर उकिडवे बसले आणि नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, हाई टायर या डिस्कनं नई शे." म्हणजे हे टायर या डिस्कचं नाही. मला वाटलं टायर डुप्लिकेट आहे म्हणताहेत. त्यांनी मला खाली वाकून समोरून बघायला लावलं. साहेब, एकदा दिसलं की मग ते दिसतच राहतं. टायरच्या भिंती डिस्कच्या काठाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर पोटासारख्या आल्या होत्या आणि रस्त्यावर टेकणारा भाग सपाट असायला पाहिजे तर तो मधे फुगीर होता, भाकरी तव्यावर फुगते ना तसा. मग जॅक लावून चाक काढलं, उलटं करून जमिनीवर ठेवलं, ओल्या फडक्याने मागची माती पुसली, आणि लोखंडात ठोकलेली अक्षरं दिसली, १४ गुणिले ५ जे. आठ वर्षं ही गाडी आमच्या दारात उभी आहे, पण हे अक्षर आम्ही पहिल्यांदा वाचलं.

यातला १४ सगळ्यांना माहिती असतो, डिस्कचा व्यास, इंचात. पुढचा ५ म्हणजे डिस्कची रुंदी, तीही इंचात, आणि जे हा काठाचा आकार सांगतो. गंमत म्हणा की गोंधळ म्हणा, टायरची रुंदी मात्र मिलिमीटरमध्ये लिहितात. म्हणजे एकाच चाकावर व्यास इंचात, टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, भिंतीची उंची टक्क्यात, तीन वेगवेगळी मापं, सामान्य माणूस गडबडणारच. ५ इंच म्हणजे १२७ मिलिमीटर. १९५ ला १२७ ची बैठक, म्हणजे ६५ टक्के. कंपनीचा १७५ त्याच डिस्कवर ७२-७३ टक्क्यांत बसतो. टायर बनवणारे माप घेताना १९५/६० ला ६ इंचाची डिस्क धरतात, ते पडतं ७८ टक्के. एवढा हिशोब समजला की निम्मं काम झालं, डिस्कची रुंदी टायरच्या रुंदीच्या साधारण तीन चतुर्थांशाच्या आसपास पाहिजे, चपटी भिंत असेल तर त्याहून थोडी जास्तच.

पण अंदाजावर जायची गरजच नाही, प्रत्येक टायरसाठी कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती रुंदीची डिस्क चालते हे ठरलेलं असतं. युरोपात ईटीआरटीओ म्हणून संस्था आहे, आपल्याकडे आयटीटॅक, त्यांच्या पुस्तकात तक्ते असतात आणि टायर कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये तेच उतरवलेलं असतं, एक आख्खा रकाना असतो त्याचा. १७५/६५ ला ५ ते ६ इंच चालते. १८५/६० आणि १८५/६५, दोन्हीला ५ ते ६.५. १९५/६० असो की १९५/६५, ५.५ ते ७. २०५/५५ ला ५.५ ते ७.५. २१५/६० ला ६ ते ७.५, आणि २२५/४५ सारख्या चपट्या टायरला ७ ते ८.५. आता बघा, आमची डिस्क ५ ची आणि १९५ ला कमीत कमी ५.५. अर्धा इंच कमी. आणि मिस्टरांना रुंदच टायर घालायचं होतं तर १८५/६० आर १४ त्याच डिस्कवर नियमात बसत होतं, उंची ५७७.६, म्हणजे मूळपेक्षा फक्त साडेपाच मिलिमीटर कमी. दुकानात ते माप मिळालंही असतं. सांगितलं कोणी नाही.

अजून एक गोष्ट जी मला फार लागली. डिस्क अर्धा इंच अरुंद झाली की टायर पण साधारण ५ मिलिमीटरने आकसतं. माप ६ च्या डिस्कवर घेतलेलं, ५ च्या डिस्कवर तेच टायर त्याहून साधारण १० मिलिमीटर कमी भरतं. म्हणजे आम्ही पैसे रुंद टायरचे मोजले, मिळालं त्याहून अरुंद, आणि ते पण मधे फुगलेलं असल्यामुळे रस्त्याला टेकतं अजून कमी. रोडला चिकटून चालेल म्हणून जे घेतलं ते उलट कमी चिकटत होतं. ब्रेक लावताना, पावसात, हे सगळं आलंच. वळणावर झुलणं का होत होतं तेही बाबांनी मुठीने दाखवलं. टायरचे दोन्ही काठ जवळ ओढले गेले की भिंती बाहेर वाकतात, मग गाडीचं वजन एका बाजूला गेलं की त्या वाकलेल्या भिंती आधी लवतात आणि मग चाक वळतं. जितकं लवणार तितकं तापणार, आपल्या उन्हात तर अजून. त्यात कोणाची हवा कमी असेल आणि गाडी सुरत-नागपूर हायवेवर शंभरने पळत असेल तर तुमच्या पेपरातली ती बातमी कुठून येते ते मला वेगळं सांगायला नको.

उलटा प्रकार पण तेवढाच वाईट आहे, आणि तो तरुण पोरांमध्ये जास्त दिसतो. आमच्या गल्लीतल्या एका मुलाने कुठून तरी सेकंडहँड अलॉय आणले ७ जे चे, आणि टायर ठेवले तेच जुने १७५. आता ७ इंच म्हणजे १७७.८ मिलिमीटर, अहो डिस्क टायरपेक्षा रुंद झाली. १७५ ची हद्द ६ इंचाला संपते. टायर ताणून बसवलं, भिंती आत तिरक्या गेल्या, काठ उघडा पडला. पोरांना ते स्टाईल वाटतं. टायरची भिंत थोडी बाहेर असते ती डिस्कला खड्ड्यापासून, दगडापासून वाचवायला असते, ती आतच गेली तर दगड थेट डिस्कवर. शिवाय टायरचा जो काठ डिस्कच्या खोबणीत घट्ट बसायचा तो ओढलेलाच असतो, एक दणका बसला आणि हवा थोडी कमी असली की काठ खोबणीतून सुटतो आणि सगळी हवा एका सेकंदात जाते. त्याचं तसंच झालं, शेतात जायच्या कच्च्या रस्त्यावर, स्पीड नव्हता म्हणून वाचला. त्याच्या आईने मला सांगितलं तेव्हा ती रडत होती.

घरी आल्यावर मी माझ्या वडिलांना हे सांगत बसले होते, आप्पा आता ८४ चे आहेत, पारोळ्याजवळच्या खेड्यातले. ते म्हणाले अगं हे तर आपल्या गाडीच्या धावेसारखं. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायची तर लोहार आधी चाकाचा घेर मोजायचा, मग धावेचा, आणि धाव जाणूनबुजून थोडी लहान ठेवायचा, गोवऱ्यांच्या जाळात लाल करून चाकावर घालायची आणि वरून पाणी ओतायचं, ती आवळून बसायची. मोठी राहिली तर उन्हाळ्यात लाकूड सुकलं की धाव निसटायची, फार लहान झाली तर लाकूड फोडायची. आप्पा म्हणाले लोहार शाळेत गेलेला नव्हता पण मोजल्याशिवाय धाव कधी तापवली नाही त्याने. मी गप्प बसले. जळगावच्या त्या दुकानात लाखो रुपयांची मशीन आहे, अलाइनमेंट कॉम्प्युटरवर होतं, आणि डिस्कची रुंदी बघायला चाक उलटं करून फडकं फिरवलं नाही.

मी आणि मिस्टर परत त्या दुकानात गेलो. भांडायला नाही, दाखवायला. तिथल्या मुलाने टेप काढली, डिस्क बाहेरच्या काठापासून बाहेरच्या काठापर्यंत मोजली आणि म्हणाला ही बघा सहा इंच आहे, १९५ बरोबर बसतं. हे मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. डिस्कची रुंदी बाहेरून मोजायची नसते, आतल्या बाजूने मोजायची, जिथं टायरचा काठ टेकतो तिथून समोरच्या काठापर्यंत. बाहेरून मोजलं की साधारण एक इंच जास्तच येतो, म्हणजे ५ ची डिस्क बरोबर ६ ची वाटते. त्या मुलाने खोटेपणा केला असं मला वाटत नाही, त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. रोज दहा-बारा गाड्यांचे टायर चढवतो तो. वीस-बावीसचा असेल. मशीनवर टायर चढलं, हवा भरली, काठ टक् टक् करून बसला म्हणजे झालं असं त्याला वाटतं, आणि ते सगळं चुकीच्या मापाला पण होतं, हीच तर भीती आहे. मालक म्हणाला काही होत नाही ताई, सगळे टाकतात. साहेब, हे "सगळे टाकतात" ऐकून माझा जीव जास्त घाबरला.

तर माझ्या मागण्या. एक तर टायरच्या बिलावर टायरच्या मापाशेजारी डिस्कचं माप लिहायची पद्धत पडली पाहिजे. आमच्या पतसंस्थेत शंभर रुपयांच्या पावतीवर दोन सह्या असतात, इथं माणसांचे जीव ज्याच्यावर फिरतात त्याच्या बिलावर एक आकडा लिहायला काय जातं. एकदा लिहायची सक्ती झाली की बघावंच लागेल. आरटीओवाले जानेवारीत रस्ता सुरक्षेचे कार्यक्रम घेतात, हेल्मेट, सीटबेल्ट, रिफ्लेक्टर, सगळं बरोबर आहे, त्यात एक दिवस टायर दुकानातल्या कामगार मुलांसाठी ठेवा, टेप आणि तक्ता घेऊन, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत. कंपनीच्या रचनेत मनाला येईल तसा बदल करायला मोटार वाहन कायद्यात मनाई आहे, कलम ५२, पण ते कलम बहुतेक सायलेन्सर आणि हॉर्नपुरतंच बाहेर निघतं असं दिसतं, चाकाकडे कोणी वाकून बघत नाही.

वाचकांना पण सांगते. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर स्टिकर असतो, त्यावर टायरचं माप आणि हवा किती ते लिहिलेलं असतं, डिस्कची रुंदी गाडीच्या पुस्तकात मिळते, आणि अलॉय बदललेले असतील तर पुस्तकावर जाऊ नका, चाक काढून मागे काय ठोकलंय ते वाचा. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर आधी हेच करा. स्टेपनीचं पण बघा, चार एका मापाचे आणि स्टेपनी भलत्याच मापाची असं खूप गाड्यांत असतं. आणि मधली नक्षी लवकर जात असेल, हवा बरोबर असूनही, तर दुकानदार काही म्हणू दे, डिस्कचा आकडा शोधा.

तुमच्याकडून एकच अपेक्षा आहे. वर जे आकडे दिलेत ते एका चौकटीत, लोकांना कापून गाडीत ठेवता येतील असे छापा. एखाद्या रविवारच्या अंकात, मागच्या पानावर, जिथं जाहिरात नसेल तिथं.

आम्ही परत १७५/६५ वर आलोय. पहिल्याच दिवशी चोपड्याला जाताना फरक कळला, स्टेअरिंग वळवलं की गाडी त्याच क्षणी वळते, मी विसरूनच गेले होते ते. काढलेल्या चारपैकी पुढचे दोन तर गेलेच, मागचे दोन अजून चांगले आहेत, नक्षी भरपूर आहे. भंगारवाला दोनदा विचारून गेला, मिस्टर म्हणतात देऊन टाकू. मी अजून दिलेले नाहीत, कारण तो ते सेकंडहँड म्हणून विकणार आणि परत कोणाच्या तरी ५ च्या डिस्कवर चढणार. परवा पांढरा ऑइलपेंट आणला आणि दोन्ही टायरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, "५.५ ते ७ इंच डिस्कसाठीच". ६ च्या डिस्कची गाडी असलेला कोणी अमळनेर-धरणगाव भागात असेल तर चाक उलटं करून आकड्याचा फोटो दाखवावा आणि फुकट घेऊन जावेत.

आपली,
एक नियमित वाचक, अमळनेर